आडवाटेच्या सुरुवाती आणि यंत्रांची परीक्षा



स्मृतिव्याख्यानासाठी सहसा ऐसपैस विषय घेतात; मी मुद्दाम अरुंद विषय घेतला आहे. दोन संगणकप्रणाली एकमेकींशी बुद्धिबळ खेळतात तेव्हा त्यांना मूळ मांडणीपासून मोकळे खेळू दिले जात नाही. पहिल्या काही खेळ्या त्यांच्यावर लादल्या जातात, आणि त्या बहुधा अशा असतात की कोणताही शहाणा प्रशिक्षक आपल्या शिष्याला त्या शिकवणार नाही. असे का करतात, आणि ते योग्य आहे का, एवढाच आजचा प्रश्न. वऱ्हाडात तो परका वाटायचे कारण नाही. अमरावतीचे स्वप्नील धोपाडे २०१५ मध्ये ग्रँडमास्टर झाले. त्यांच्यामागून शेजारच्या नागपूरचे रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता झाले. २०२५ च्या जुलैत नागपूरच्याच दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. या पिढीच्या हाताशी जे साधन आहे ते आधीच्या पिढीकडे नव्हते. स्टॉकफिश हे जगातले सर्वांत बलवान म्हणावे असे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारी प्रणाली, फुकट मिळते आणि साध्या मोबाईलवर चालते. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या मुलाला गावात प्रशिक्षक नसेल, पण जगज्जेत्याला सहज हरवणारा परीक्षक त्याच्या खिशात आहे. त्यामुळे डाव संपला की पहिला प्रश्न ‘इंजिन काय म्हणते?’ हाच असतो, आणि इंजिनाने एखाद्या सुरुवातीला नाक मुरडले की ती सुरुवात बाद. माझे म्हणणे असे आहे की हा निवाडा देणारे यंत्र ज्या परीक्षांतून तयार झाले, त्या परीक्षा अलीकडे मुख्यत्वे त्याने नाक मुरडलेल्या सुरुवातींवर घेतल्या गेल्या. आडवाटेच्या सुरुवाती हा यंत्रांच्या सामन्यातला लहरी खेळ नाही. त्यांच्यावाचून आज दोन बलवान यंत्रांत डावे-उजवे ठरवणे जवळजवळ अशक्य झाले आहे.

आडवाटेची सुरुवात म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करू. पांढऱ्याने पहिल्याच खेळीत राजाकडच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकावे, ही हेन्री ग्रॉब या स्विस खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी सुरुवात. त्यात स्वतःच्याच राजाचे अंगण उघडे पडते. दोन्ही बाजूंनी राजापुढची प्यादी दोन-दोन घरे आली, पांढऱ्याचा घोडा बाहेर पडला आणि काळ्याने राजाकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे ढकलले, की झाला लॅटव्हियन गॅम्बिट. हॅलोवीन गॅम्बिटमध्ये तर पांढरा चौथ्याच खेळीत एका प्याद्यासाठी अख्खा घोडा देऊन बसतो. श्टेफेन याकोब या जर्मन प्रोग्रॅमरने १९९० च्या दशकात ब्राउजे नावाच्या आपल्या इंजिनाची एक प्रत खास याच गॅम्बिटासाठी राबवली होती. इंटरनेटवरच्या जलद डावांत ती माणसांसमोर हटकून हा घोडा द्यायची आणि तरीही भल्याभल्यांना हरवायची. शास्त्राच्या पुस्तकात अशा सुरुवातींना तळटीपेपुरती जागा असते.

माणूस आणि यंत्र समोरासमोर बसत, त्या काळात आडवाट धरण्याचा हेतू निराळा होता. यंत्राला पाठ असलेल्या वाटेवरून त्याला खाली उतरवायचे, म्हणजे त्याचे उसने शहाणपण संपेल, असा तो हिशेब. स्कॉटिश मास्टर डेव्हिड लेव्हीने १९६८ मध्ये पैज लावली की पुढची दहा वर्षे कोणतेही यंत्र आपल्याला हरवणार नाही. १९७८ मध्ये टोरोंटोत चेस ४.७ या प्रोग्रॅमविरुद्ध त्याने ती साडेतीन विरुद्ध दीड गुणांनी जिंकलीही. पण त्या सामन्यातला एक डाव तो हरला, आणि तो नेमका त्याने लॅटव्हियन गॅम्बिट खेळलेला डाव होता. मोकळ्या, मारामारीच्या स्थितीत मोजणी हीच सत्ता असते आणि मोजणीत यंत्र चुकत नाही. आडवाट अंगावर आली ती माणसाच्याच. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या तिसऱ्या डावात गॅरी कास्पारोव्हने वजिरापुढचे प्यादे एकच घर सरकवून सुरुवात केली. हेतू तोच, यंत्राला भरवलेले सुरुवातींचे पुस्तक निरुपयोगी करणे. (आपल्या देशी बुद्धिबळात प्यादे एकच घर चालते, तेव्हा वऱ्हाडातल्या जुन्या खेळाडूंना त्या खेळीत वावगे काही दिसले नसते.) डाव बरोबरीत सुटला. पुढे सहाव्या आणि अखेरच्या डावात कास्पारोव्हने कॅरो-कान बचावात एक प्यादे चुकीच्या क्षणी पुढे केले, डीप ब्लूने घोडा अर्पण केला आणि अवघ्या एकोणीस खेळ्यांत जगज्जेत्याने डाव सोडला. घोड्याचा तो बळी यंत्राने पटावर शोधलेला नव्हता. तो त्याला भरवलेल्या पुस्तकातला होता. सामन्याचा निर्णायक घाव यंत्राच्या विचारातून आला नाही, त्याच्या संघाच्या तयारीतून आला.

हीच अडचण यंत्र विरुद्ध यंत्र या सामन्यांत कितीतरी पटींनी वाढते. प्रत्येक इंजिनाबरोबर त्याच्या कर्त्याने रचलेले सुरुवातींचे पुस्तक येत असे. प्रतिस्पर्धी इंजिन एखाद्या प्रकारात एकदा हरले की तोच डाव पुन्हा घडवून आणता येईल अशा ओळी पुस्तकात पेरल्या जात. अशा सामन्यात दोन प्रोग्रॅमची तुलना होत नाही, दोन पुस्तककारांची होते. पुस्तक लिहिण्याचे कौशल्य कमी दर्जाचे आहे असे मला म्हणायचे नाही. पण जे मोजायचे आहे ते सोडून भलतेच मोजले जात असेल तर मोजमाप बदलले पाहिजे. इंग्लंडचे ग्रँडमास्टर जॉन नन यांनी १९९० च्या दशकात त्यावर साधा तोडगा काढला. त्यांनी वेगवेगळ्या स्वभावाच्या दहा स्थिती निवडल्या आणि सांगितले की पुस्तके बंद ठेवा, दोन्ही इंजिनांना प्रत्येक स्थिती एकदा पांढऱ्याकडून आणि एकदा काळ्याकडून खेळू द्या. आजच्या सर्व पद्धतीचे बीज या ‘दोन्ही बाजूंनी’मध्ये आहे. सुरुवात कितीही तिरकी असो, तिची झळ दोघांना सारखीच बसते.

ननच्या स्थिती मात्र बऱ्यापैकी समतोल होत्या. तेव्हा ते पुरेसे होते, कारण यंत्रे अजून चुका करत होती. आता दोन अव्वल इंजिने मूळ मांडणीपासून, पुरेसा वेळ देऊन, मोकळी सोडली तर डाव जवळजवळ हमखास बरोबरीत सुटतो. पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात इंजिनाची मदत घेण्यास मुभा आहे, आणि तिथल्या जागतिक पातळीवरच्या स्पर्धांत निकाली डाव शोधावे लागतात. टीसीईसी ही इंजिनांची प्रतिष्ठित स्पर्धा मार्टिन थोरेसेन यांनी २०१० मध्ये सुरू केली. तिच्या चौदाव्या हंगामात, २०१९ च्या आरंभी, स्टॉकफिश आणि लीला झिरो यांच्यात शंभर डावांची अंतिम फेरी झाली. स्टॉकफिशने दहा जिंकले, लीलाने नऊ, आणि ८१ बरोबरीत सुटले. निकाल ५०.५ विरुद्ध ४९.५. शंभर डाव खेळून जगज्जेता ठरला तो एका डावाच्या फरकाने, आणि हे सुरुवाती निवडून दिलेल्या असताना! असल्या फरकाला किती किंमत द्यायची, हे साध्या संभाव्यतेने कळते. समजा शंभरांपैकी नव्वद डाव बरोबरीत गेले आणि उरलेल्या दहांत एका इंजिनाने सहा जिंकले. दोन्ही इंजिने तंतोतंत तुल्यबळ असली तरी असा किंवा याहून एकतर्फी निकाल त्या इंजिनाच्या बाजूने केवळ योगायोगाने लागण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या घरात येते. म्हणजे शंभर डावांची वीज फुकट घालवूनही आपल्याला काहीही कळलेले नसते.

माणसांच्या स्पर्धेत ही कोंडी घड्याळ फोडते. बाटुमीच्या अंतिम सामन्यात दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत गेले आणि निकाल लागला तो जलद डावांत. वेळ कमी केला की माणसाचा हात थरथरतो, डोळा चुकतो, आणि चुकीतून निकाल निघतो. यंत्राचा हात थरथरत नाही. वेळ कमी केल्यावर तेही थोडे उथळ होते, पण दोघेही सारखेच उथळ होतात, आणि बलवान यंत्राला बरोबरी राखायला तेवढी खोली पुरते. मग घड्याळ बदलून भागत नाही, पट बदलावा लागतो.

आता माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका पुरावा. डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार डीपमाइंडच्या अल्फाझिरो या यंत्राने स्टॉकफिश ८ शी शंभर डाव खेळले. त्यांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. ‘एकही नाही’ हा आकडा जगभर गाजला. त्याच निबंधात दुसरे एक कोष्टक होते, त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. माणसांत सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या बारा सुरुवाती घेऊन, प्रत्येकीवरून शंभर, असे बाराशे डाव त्याच दोघांत खेळवले गेले. त्यांत अल्फाझिरोने २९० जिंकले, ८८६ बरोबरीत सोडवले आणि २४ हरला. बरोबरीचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास तेच, बहात्तर आणि चौऱ्याहत्तर टक्के. बदलला तो एक रकाना: शून्याच्या जागी चोवीस आले. अल्फाझिरोला आपल्या आवडीच्या वाटेने जाऊ दिले तेव्हा त्याचा दुबळेपणा दिसला नाही. वाट दुसऱ्याने ठरवून दिली तेव्हा दिसला. आणि त्या बारा सुरुवाती काही विक्षिप्त नव्हत्या. त्यांत फ्रेंच बचाव होता, किंग्ज इंडियन होता, ज्या माणसांच्या ग्रंथांत प्रतिष्ठित आहेत पण अल्फाझिरो स्वतःहून क्वचितच खेळला असता. आडवाट ही नेहमी कोणाच्या तरी दृष्टीने आडवाट असते. स्वतःच्याच डावांतून शिकलेल्या यंत्राला आपला राजरस्ताही आडवाट होता.

इथे एक शंका घेतली पाहिजे, आणि ती मी स्वतःच घेतो. शंभर डावांत शून्य पराभव आणि बाराशेंत चोवीस, हा फरक सुरुवातींमुळेच पडला हे कशावरून? चोवीस म्हणजे दोन टक्के. पराभवाची खरी शक्यता दोन्हीकडे दोन टक्केच धरली, तरी सलग शंभर डावांत एकही पराभव न दिसण्याची शक्यता तेरा टक्के उरते. म्हणजे साधारण सात-आठ वेळा हा प्रयोग केला तर एकदा असे शून्य आपोआपच येईल. तेव्हा ‘अल्फाझिरो अजिंक्य होता, लादलेल्या सुरुवातींनी त्याला पाडले’ असे विधान मी करणार नाही. माझे विधान याहून लहान आहे, आणि म्हणूनच मला ते जास्त पक्के वाटते: मोकळ्या शंभर डावांवरून त्याच्या पराभवांबद्दल काहीच सांगता येत नव्हते, नेमून दिलेल्या विविध सुरुवातींच्या बाराशे डावांवरून ते सांगता आले. कोणत्या सुरुवातीत तो अडखळतो तेही सांगता आले. पुढच्या वर्षीच्या सविस्तर निबंधातही हजार डावांच्या मुख्य सामन्याबरोबर (१५५ विजय, ८३९ बरोबरी, ६ पराभव) नेमून दिलेल्या सुरुवातींवरचे सामने डीपमाइंडने पुन्हा घातले. परीक्षा कशी घ्यावी हे प्रयोगकर्त्यांनाही कळले होते.

वऱ्हाडातल्या श्रोत्यांना ही रीत ओळखीची वाटेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९६९ पासून वाणांच्या चाचण्या चालत आल्या आहेत, आणि शेतकऱ्याला वाण हवे असते ते त्याच्या रानासाठी. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे, ओलिताची सोय तुटपुंजी. भारी काळ्या जमिनीत, हवे तेवढे गोडे पाणी देऊन, दोन चांगली वाणे पेरली तर दोन्ही सारखीच फोफावतील आणि फरक कळणार नाही. अगदी मीठ फुटलेल्या चोपणात पेरली तर दोन्ही मरतील आणि तेव्हाही फरक कळणार नाही. निवड होते ती मधल्या रानात, जिथे एक वाण तग धरते आणि दुसरे माना टाकते. शिवाय दोन्ही वाणे त्याच रानात, शेजारशेजारच्या वाफ्यांत, पुन्हापुन्हा पेरावी लागतात, नाहीतर मातीचा गुण वाणाच्या नावावर जमा होतो.

इंजिनांच्या चाचणीतही हेच ‘मधले रान’ शोधले जाते. सुरुवात इतकी वाईट असेल की ती खेळणारा कोणीही असो, हरणारच, तर प्रत्येक जोडीचा निकाल एक-एक लागेल: पहिल्या डावात अ जिंकला, बाजू बदलल्यावर ब जिंकला. अगदी समतोल असेल तर प्रत्येक जोडी अर्धा-अर्धा, अर्धा-अर्धा. दोन्ही ठिकाणी माहिती शून्य. माहिती मिळते ती विजय आणि बरोबरी यांच्या सीमेवर, जिथे बलवान इंजिन वरचढ बाजूने जिंकते आणि बाजू बदलल्यावर तीच पडती स्थिती बरोबरीत राखते. त्या जोडीचा निकाल दीड-अर्धा, आणि हा दीड-अर्धा निकाल हेच या साऱ्या खटाटोपाचे पीक. श्टेफान पोल या जर्मन परीक्षकाने माणसांच्या डावांमधून नेमक्या अशा सीमेवरच्या हजारो सुरुवाती गाळून संग्रह केले. त्याच्या एका संग्रहाच्या नावातच पांढऱ्याच्या वरचढपणाचा ०.९० ते १.१९ असा पट्टा दिलेला आहे, म्हणजे ढोबळमानाने एका प्याद्याच्या आसपास. स्टॉकफिशचा प्रत्येक प्रस्तावित बदल ‘फिशटेस्ट’ या २०१३ मध्ये उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत तपासला जातो. जगभरचे स्वयंसेवक त्यासाठी आपल्या संगणकांचा वेळ देतात, आणि गेल्या काही वर्षांत तिथे असे असमतोल संग्रहच मुख्यत्वे वापरले जातात. तिथला हिशेबही सुट्या डावांचा नसतो, जोडीचा असतो: जोडीत शून्य, अर्धा, एक, दीड की दोन, असे पाच निकाल. २०२२ च्या अखेरीस आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून तर इंजिनाची मोजपट्टीच या सीमेवर बेतली गेली. इंजिन ‘एक’ म्हणते तेव्हा तुल्यबळ इंजिनाविरुद्ध जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के, असा त्याचा अर्थ. मूर्तिजापूरच्या मुलाला मोबाईलवर दिसणारा तो आकडा आता प्याद्यांचे वजन सांगत नाही, विजयाची शक्यता सांगतो. हे त्याला कोणी सांगितलेले नसते, ही वेगळी गोष्ट.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत स्वाभाविक आक्षेप असा की हे बुद्धिबळच नव्हे. ज्या सुरुवाती यंत्र स्वतःहून कधीच खेळणार नाही त्यांत त्याला ढकलून त्याची पारख करणे म्हणजे गवयाला भलताच सूर देऊन गायला बसवणे. आक्षेप ऐकायला रास्त वाटतो, पण तो मोजमाप आणि मैफल यांची गल्लत करतो. सुरुवात निवडणे हा बुद्धिबळाचा भाग आहे, हे खरे. तो भाग जिथे मोजायचा असेल तिथे इंजिनांना जरूर मोकळे सोडावे. पण डाव सुरू झाल्यावर स्थिती समजण्याची ताकद मोजायची असेल तर निवडीचा भाग बाजूला काढावाच लागतो. आणखी एक गोष्ट आक्षेप घेणारे विसरतात. इंजिनाचा सर्वाधिक उपयोग होतो तो माणसांच्या डावांचे विश्लेषण करायला, आणि माणसे सर्व तऱ्हांच्या सुरुवाती खेळतात. अकोल्याच्या शालेय स्पर्धेत कोणी ग्रॉब खेळला तर त्यानंतरच्या तिसाव्या खेळीचे मूल्य इंजिनाला अचूक सांगता आले पाहिजे. केवळ निर्दोष सुरुवातींवर वाढलेले इंजिन तिथे काय सांगणार?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. असमतोल सुरुवातींवर चाचण्या घेतल्या की इंजिनांमधले अंतर फुगलेले दिसते. समतोल स्थितींवर दहा गुणांचा फरक असेल तिथे इथे तीस दिसावा, असे होऊ शकते. हे मला मान्य आहे. त्यामुळे एका संग्रहावरचे मानांकन दुसऱ्या संग्रहावरच्या मानांकनाशेजारी ठेवून तुलना करणे चूक आहे, आणि इंजिनांच्या जाहिरातींत ही चूक सर्रास होते. पण भिंगातून पाहिलेली अळी मोठी दिसते म्हणून भिंग खोटे ठरत नाही. प्रश्न आकाराचा नाही, क्रमाचा आहे. जो बदल असमतोल सुरुवातींवर सरस ठरतो तो समतोल सुरुवातींवर सहसा उलटा पडत नाही, फक्त त्याचा लाभ तिथे बरोबऱ्यांच्या गर्दीत हरवतो. ‘सहसा’ हा शब्द मी जाणून वापरला. क्रम उलटला असे कोणी दाखवले तर त्या बदलापुरता माझा दावा मागे घ्यावा लागेल, आणि म्हणूनच समतोल स्थितींवरची तपासणी पूर्ण बंद करणे मला मान्य नाही.

तिसरा आक्षेप: एवढेच असेल तर मोहऱ्यांची मांडणीच का बदलत नाही? बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्वेनोस आयर्समध्ये मांडलेल्या पद्धतीत मागच्या रांगेच्या ९६० मांडण्या होतात आणि सगळे पाठांतर एका झटक्यात गळून पडते. माणसांसाठी हा उपाय उत्तम आहे, मॅग्नस कार्लसनसारखे खेळाडू त्याच्या मागे उभे आहेत ते उगाच नाही. पण माणसाची अडचण पाठांतराची आहे आणि यंत्राची बरोबरीची. ९६० पैकी बहुतेक मांडण्याही बऱ्यापैकी समतोलच आहेत, तेव्हा दोन अव्वल इंजिने तिथेही बरोबरीकडेच झुकतात. शिवाय आडवाटेच्या सुरुवातीतून जे घडते ते आपल्या ओळखीच्या बुद्धिबळात भर घालते. त्या प्याद्यांच्या रचना, ते बळी, ते बचाव उद्या कोणाच्या तरी खऱ्या डावात उपयोगी पडतात.

या भरीबद्दल थोडे सविस्तर बोलावेसे वाटते, कारण आडवाट आणि राजरस्ता यांचा इतिहास आपल्याच देशातून गेला आहे. १८५० च्या आसपास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर मोहेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली खेळाडूशी डावांमागून डाव खेळत होता आणि ते टिपून ठेवत होता. मोहेशचंद्र प्यादे एक घर सरकवून उंट लांब कर्णावर बसवायचे आणि पटाचा मध्य प्रतिस्पर्ध्याला खुशाल देऊन टाकायचे. देशी नियमांत प्यादे एकच घर चालत असल्याने ही मांडणी त्यांच्या हातात बसलेली होती. युरोपीय शास्त्राला ती अशास्त्रीय वाटत असे. १८५५ च्या त्यांच्या एका डावात जी खेळ्यांची ओळ आली तिला पुढे १९२० च्या दशकात एर्न्स्ट ग्रुनफेल्डचे नाव मिळाले, आणि त्या कुळातले बचाव आज ‘इंडियन’ म्हणूनच ओळखले जातात. फिशर आणि कास्पारोव्ह यांनी किंग्ज इंडियनला जगज्जेतेपदाच्या वाटेवर नेले. आणि आता? आजची इंजिने किंग्ज इंडियनकडे पाहून पांढरा स्पष्ट वरचढ असल्याचे सांगतात, अव्वल इंजिन स्वतःहून त्या वाटेला जात नाही. म्हणजे जी सुरुवात शंभर वर्षांत आडवाटेची हमरस्ता झाली ती यंत्रांच्या दृष्टीने पुन्हा आडवाट झाली, आणि नेमकी म्हणूनच ती इंजिनांच्या सामन्यांत वारंवार नेमून दिली जाते. तिथे काळा बरोबरी राखू शकतो का हा खरा प्रश्न असतो, उत्तर आधी ठरलेले नसते.

यावरून आपल्या मुलांनी किंग्ज इंडियन सोडावा का? इंजिनाचा आकडा इंजिनांच्या पातळीवरचा आहे. १९८० मध्ये स्कारा येथे टोनी माइल्सने जगज्जेत्या अनातोली कार्पोव्हविरुद्ध काळ्याकडून पहिल्याच खेळीत कडेचे प्यादे एक घर सरकवले आणि डाव जिंकला. इंजिनाच्या लेखी ती खेळी वाईटच आहे. पण त्यातून दुसऱ्या टोकाला जाऊन ‘काहीही खेळा’ असे म्हणणेही चूक. यंत्रांच्या जोडीडावांनी आडवाटांमध्येच प्रतवारी करून दिली आहे. किंग्ज इंडियन वाकतो पण बऱ्याचदा मोडत नाही. लॅटव्हियन आणि ग्रॉब मोडण्याच्या फार जवळ आहेत. हॅलोवीनचा घोडा चांगल्या बचावापुढे सरळ वाया जातो. 

राहतो प्रश्न निवड करणाऱ्याचा. टीसीईसीच्या अंतिम फेऱ्यांसाठी सुरुवाती निवडण्याचे काम प्रामुख्याने येरून नूमेन या डच तज्ज्ञाने केले आहे. रेबेल, रिब्का यांसारख्या इंजिनांची पुस्तके रचलेला हा माणूस. यंत्रांच्या जगज्जेतेपदात एका माणसाची अभिरुची इतकी निर्णायक असावी का, अशी कुरकुर होते. सगळी निवड आकड्यांवर सोपवा, असे म्हणणारेही आहेत. मला नूमेनची बाजू घ्यावीशी वाटते. केवळ आकडा पाहून निवडले तर पन्नास सुरुवातींपैकी तीस एकाच तोंडवळ्याच्या येऊ शकतात, आणि तोंडवळ्यांची विविधता ओळखणे हे अजून माणसाला जास्त चांगले जमते. अट एकच: निवडलेली यादी निकालाबरोबर खुली असावी, म्हणजे कोणत्या सुरुवातीत कोण तरले हे कोणालाही तपासता येईल.

पण नूमेनची खरी अडचण अभिरुचीची नाही. सीमा सरकते आहे. पाच वर्षांपूर्वी जी सुरुवात विजय आणि बरोबरीच्या काठावर होती ती आजची इंजिने बरोबरीत राखतात, म्हणून दरवेळी आणखी थोडी तिरकी सुरुवात शोधावी लागते. तात्त्विकदृष्ट्या तर ती सीमा रेषेसारखी आहे, तिला रुंदीच नाही: निर्दोष खेळापुढे प्रत्येक स्थिती एकतर जिंकलेली असते, नाहीतर हरलेली, नाहीतर बरोबरीची. आपल्याला पट्टा दिसतो तो दोन्ही इंजिने अजून चुकतात म्हणून. पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले की चुकीला जागा नाही. त्या सर्व स्थितींची उत्तरे कोष्टकांत मांडून झाली आहेत, आणि तिथे दोन इंजिनांची परीक्षा घेण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. बत्तीस मोहऱ्यांच्या पटावर दीड-अर्धा निकालाच्या जोड्या अजून पडत आहेत, पण त्या पाडायला नूमेनला दर हंगामात पूर्वीपेक्षा वाईट सुरुवात शोधावी लागते.